पाळी सुटल्यानंतरचा माणूस

मराठी मुलखातल्या कामगारांचे रोजचे जगणे सुधीर पटवर्धन यांच्याइतके सातत्याने क्वचितच कोणी रंगवले असेल. 1949 साली पुण्यात जन्मलेले पटवर्धन वैद्यकीय शिक्षण संपवून 1973 मध्ये मुंबईत आले. पुढे 1975 ते 2005 अशी तीस वर्षे त्यांनी ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केले. चित्रकला ते स्वतःच शिकले. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात 2019-20 मध्ये त्यांच्या चित्रांचे सिंहावलोकन भरले, तेव्हा चार दशकांहून अधिक काळात त्यांनी रंगवलेली ही माणसे एका छताखाली आली.

पटवर्धनांच्या आधीच्या चित्रांत आणि भित्तिपत्रकांत कामगार दिसे तो मूठ उगारलेला किंवा पिचलेला. चित्तप्रसाद यांच्या लिनोकटमधली अशी माणसे ताकदीची आहेत, आणि त्या काळाला त्यांची गरज होती. पटवर्धनही डाव्या विचारांतून आले, पण त्यांची नजर पाळी सुटल्यानंतरच्या माणसावर स्थिरावली. 'इराणी रेस्टॉरंट' (1977), 'ट्रेन' (1980), 'ओव्हरब्रिज' (1981) ही चित्रांची नावेच सांगतात की विषय यंत्र किंवा संप नाही. विषय आहे चहा, गाडी आणि पूल. 1981 मध्ये मुंबई व दिल्लीत भरलेल्या 'प्लेस फॉर पीपल' या प्रदर्शनात भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी आणि जोगेन चौधरी यांच्याबरोबर तेही होते. माणूस आणि त्याची जागा यांना चित्रात पुन्हा मान मिळावा, हा त्या प्रदर्शनाचा आग्रह होता.

पटवर्धनांच्या माणसांना वजन आहे. सेझान आणि लेजे यांच्या अभ्यासातून आलेला घट्टपणा त्यांच्या देहांत उतरला आहे. त्यांचा थकवा चेहऱ्यापेक्षा खांद्यांत आणि बसण्याच्या ढबीत दिसतो, म्हणूनच तो खरा वाटतो.

शहापूर तालुक्यातल्या सापगावच्या माणसाला हे वजन समजावून सांगावे लागणार नाही. भातसेकाठचे हे गाव शहापूर-मुरबाड रस्त्यावर आहे. जवळचे रेल्वे स्थानक आसनगाव. तिथून पहाटेची कसारा लोकल पकडून माणसे कल्याण-ठाण्याकडे कामाला जातात. तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकायला मिळते, तेव्हा त्याचा अर्धा देह बाकाबाहेर असतो. एक पाय वाटेत रोवलेला, मांडीवर डब्याची पिशवी, डोळे मिटलेले. कुठल्याशा कोपऱ्यात भजनाचे टाळ चालू असतात. असा तोल रोज सांभाळणाऱ्या माणसाला चित्रातल्या देहाचा भार कुठून आला हे लगेच कळते. कलेच्या शिक्षणाने मिळणारी समज वेगळी, ही वेगळी. दोन्हींचा मान सारखाच राखायला हवा.

ऐंशीच्या दशकापासून चौकट रुंदावली. 'टाउन' (1984) मध्ये वस्ती लांबून, सबंध दिसते. 'पोखरण' (1991) ठाण्यातल्या त्या नावाच्या परिसराचे चित्र आहे. तिथे गावठाण, कारखाने आणि डोंगर एकमेकांना रेटत वाढले. दरम्यान मुंबईत 18 जानेवारी 1982 रोजी कामगारनेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अनेक गिरण्या त्यानंतर सावरल्याच नाहीत. 'लोअर परळ' (2001) पाहताना हे ठाऊक असावे लागते. गिरणगाव जाऊन मनोरे येत असताना काढलेले ते चित्र आहे. आधीच्या चित्रांत सगळी चौकट भरून बसणारा कामगार इथे शहराच्या पसाऱ्यात लहान झाला आहे. कामगार संपला असे चित्रकार म्हणत नाही. त्याची जागा किती आक्रसली, हे तो मापून दाखवतो.

ही चित्रे ज्यांची आहेत, त्यांच्यापर्यंत ती पोचतात का, हा प्रश्न उरतोच. कलादालने सकाळी उशिरा उघडून संध्याकाळी बंद होतात. पाळीवर जाणाऱ्याला ती वेळ साधत नाही. आसनगावहून मुंबईला जाऊन येण्यातच सुट्टीचा बराचसा दिवस जातो. 2008-09 मध्ये पटवर्धनांनी 'विस्तारणारी क्षितिजे' हे समकालीन चित्रकलेचे फिरते प्रदर्शन महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या शहरांत नेले. तोच मार्ग तालुक्याच्या गावापर्यंत वाढवता येईल. शहापूर किंवा मुरबाडला शाळेचे सभागृह, रविवारचा दिवस, मूळ आकाराच्या चांगल्या प्रतिकृती आणि चित्रांपुढे थांबून बोलणारा एक जाणकार एवढ्यावर सुरुवात करता येते.