रुंदी आणि मोकळीक

वस्तीतल्या रस्त्यांच्या सुधारणेविषयी आपल्याकडे जी चर्चा चालते, तिच्यात रस्ता जितका रुंद तितका सुरक्षित हा सिद्धान्त उभय पक्षांनी विनातक्रार मान्य केलेला आढळतो; वाद उरतो तो एवढाच की, या सुरक्षिततेपायी कोणाचा ओटा, कोणाचे कुंपण आणि कोणाच्या दारचा पारिजातक जावा. २०२० साली पुणे महापालिकेच्या स्थायी समितीने सहा मीटरांचे तीनशेहून अधिक रस्ते नऊ मीटर करण्याच्या प्रस्तावास मंजुरी दिली. त्या प्रस्तावाचे मर्म बांधकाम नियमावलीत होते, कारण नऊ मीटरांहून अरुंद रस्त्यावरच्या भूखंडास टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, वापरता येत नव्हता. परंतु अशा रुंदीकरणाच्या समर्थनार्थ रहिवाशांपुढे नाव घेतले जाते ते मात्र सुरक्षिततेचेच.

प्लेगनंतर १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्त्यांतून प्रशस्त रस्ते काढले गेले, हे सर्वश्रुत आहे. त्या रुंदीचा हेतू हवा खेळती राहावी हा होता. तो हेतू मागे पडला, आणि रुंदीवरची श्रद्धा तेवढी सरकारी दप्तरांत टिकून राहिली. दुसरीकडे, जुने ते सारेच राखावे म्हणणाऱ्यांपाशी आगीच्या रात्री काय करावे याचे उत्तर नसते. आणि गतिरोधकांचा आग्रह धरणारे एका उंचवट्यावर संतुष्ट होतात.

खरा विचार करावा असा पक्ष एकच, अग्निशमनाच्या बंबाचा. बंब दारापर्यंत पोहोचला नाही तर ओटा आणि पारिजातक काय कामाचे, हा प्रश्न निरुत्तर करणारा वाटतो. पण तो विचारणाऱ्यांनी साधी मोजणी केलेली नसते. बंबाची रुंदी अडीच मीटरांच्या आसपास धरू, आणि उभी मोटार सुमारे १.८ मीटर जागा अडवते असे मानू. सहा मीटरांच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंस मोटारी उभ्या असतील तर मध्ये २.४ मीटर उरतात आणि बंब अडतो, हे खरे. आता तोच रस्ता नऊ मीटर केला, आणि इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे दोन्ही बाजूंस १.८ मीटरांचे पदपथ बांधले, तर गाड्यांसाठी ५.४ मीटर उरतात. त्यांतून मोटारींच्या दोन रांगा वजा केल्या की राहतात १.८ मीटर, म्हणजे पूर्वीहून कमी. पदपथच बांधले नाहीत, तर बंब खचित जाईल. पण मग ज्या मानकाच्या नावाने जमीन घेतली तेच मोडले, आणि पादचारी अधिक वेगाच्या वाहतुकीत लोटला गेला. उलट, त्याच सहा मीटरांच्या रस्त्यावर एका बाजूची मोटारींची रांग उठवली, तर कोणाच्याही इमल्याची एक वीट न हलवता ४.२ मीटर मिळतात.

वेगाचा उल्लेख मी सहज केलेला नाही. ताशी ३० किलोमीटर वेगाच्या वाहनात जी गतिजन्य ऊर्जा असते, तिच्या पावणेतीनपटीहून अधिक ऊर्जा त्याच वाहनात ५० किलोमीटरांच्या वेगाने असते. आणि सरळ, रुंद, गुळगुळीत काँक्रीटचा रस्ता चालकाला नेमके या दुसऱ्या वेगाकडे ओढतो. वस्तीच्या रस्त्यावर शाळेस निघालेले मूल असते, भाजीच्या गाडीपाशी उभी राहिलेली वृद्धा असते. तिथून जाणाऱ्याइतकाच तिथे असणाराही सुरक्षित राहिला पाहिजे.

म्हणून माझा आग्रह एका भेदावर आहे. रुंदी म्हणजे दोन हद्दींमधले अंतर. ते नकाशात एकदा नोंदले जाते आणि वर्षानुवर्षे तसेच राहते. मोकळीक म्हणजे त्या अंतरापैकी अमुक वेळी प्रत्यक्ष अडथळ्यावाचून उरलेला भाग. तो दिवसाच्या प्रहरागणिक बदलतो, आणि बंबाला वा पादचाऱ्याला उपयोगी पडतो तो हाच. रुंदी ठरवण्याचा अधिकार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० अन्वये महापालिकेकडे आहे, तर वाहने कोठे उभी राहावीत याचे आदेश वाहतूक पोलीस काढतात. म्हणजे जमीन एका खात्याने घ्यायची आणि तिचा विनियोग दुसऱ्याने ठरवायचा. रस्त्याची नियमित रेषा पुढे सरकवणाऱ्या प्रत्येक ठरावास रात्री अकरानंतरच्या मोकळिकीची मोजणी जोडणे सक्तीचे करावे, आणि तत्पूर्वी एका बाजूच्या पार्किंगबंदीचा आदेश निदान सहा महिने खरोखर अमलात आणलेला असावा. बंब वळण्यासाठी चौकाच्या कोपऱ्यांवरची जागा मात्र बहुधा घ्यावीच लागेल. ती योग्य नुकसानभरपाई देऊन विनाविलंब घ्यावी.