सल्ला कुणाचा घ्यावा?

रिपोर्टवर एचबीएवनसी साडेसहाच्या वर गेलं, डॉक्टरांनी मधुमेहाचं निदान केलं, की आहाराचा सल्ला द्यायला अख्खी सोसायटी हजर होते. एक काकू कारल्याचा रस सुचवतात, दुसऱ्या म्हणतात, साखर बंद, पण गूळ चालतो. नाही चालत, रक्तातली साखर दोन्हींनी वाढते. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण एका बैठकीला चार खाल्ल्या तर तीही महागात पडते. आणि एकादशीची साबुदाण्याची खिचडी? नाव उपवासाचं, ताटात जवळपास निव्वळ स्टार्च!

त्यापेक्षा आहारतज्ज्ञाला भेटा. जाताना दोन-तीन दिवसांत खाल्लेलं सगळं लिहून न्या, चहात बुडवलेली बिस्किटंसुद्धा. निम्मं ताट भाजी-कोशिंबिरीचं, पाव डाळ-उसळीचं, उरलेलं भाकरी किंवा भाताचं; एवढ्यानेही बराच फरक पडतो. घरात एकट्यासाठी वेगळा स्वयंपाक मात्र नको. तो बिचारा लवकरच कंटाळतो, आणि असं जेवण बाकीच्यांनाही मानवतं.

एक महत्त्वाचं. मधुमेहाच्या काही गोळ्या घेऊन उपाशी राहिलं, तर साखर एकदम उतरू शकते. तेव्हा उपवास धरण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारा.