दुसरं दुकान नसलेलं गिऱ्हाईक

'डिझाइन थिंकिंग' हा प्रकार वाढला तो बाजारात. तिथं गिऱ्हाईक नाराज झालं की शेजारच्या दुकानात जातं, म्हणून त्याच्या मनात काय आहे ते शोधायची गरज मालकालाच भासते. सरकारी कचेरीला ती धास्ती नसते. कोल्हापुरातल्या कळंब्याच्या मध्यवर्ती कारागृहासारख्या ठिकाणी तर प्रश्नच मिटला. ज्या बाईचा मुलगा आत आहे तिला दुसरा तुरुंग निवडता येत नाही. सेवेची आखणी करणाऱ्या या शास्त्राची खरी परीक्षा मला म्हणूनच तुरुंगाच्या मुलाखत-खिडकीशी दिसते.

या शास्त्राची पहिली पायरी म्हणजे माणसाबरोबर चालून बघणं. तुरुंगाच्या नोंदवहीत मुलाखत काही मिनिटांची असते. त्या बाईच्या हिशेबात ती आदल्या संध्याकाळीच सुरू होते. मुकादमाला खाडा सांगायचा, शेजारणीला म्हशीची धार काढायला सांगायचं, पहाटेची एसटी धरायची, मग स्टँडवरून केएमटी नाहीतर वडाप. 'मावशी, आधारची झेरॉक्स?' हा प्रश्न दारात पोचल्यावर येतो. ती नसली तर दुकान किती लांब? मोबाइल आत चालत नाही, तर तो ठेवायचा कुणाकडं? बरोबरच्या नातवाला तहान लागली तर? कुठल्याही मोठ्या तुरुंगाबाहेर उभं राहून बघा, अर्धा दिवस अशा बारीकसारीक गोष्टींतच जातो.

आता ई-मुलाखत आली आहे. नाव नोंदवलं की व्हिडिओवर बोलता येतं. लांबच्या नातेवाइकांना तिचा मोठा आधार आहे. पण ज्या आईला ओटीपी वाचता येत नाही, तिचा अर्ज भरणार शेजारचा पोरगा. म्हणजे मुलगा कुठं आहे हे ज्या गल्लीपासून लपवलं, तिलाच ते कळणार. ही लाज कुठल्याही फॉर्मच्या रकान्यात येत नाही. ती कळायला त्या ओसरीवर बसावं लागतं. हॉटेलच्या हॉलमधल्या कार्यशाळेत भिंतीला रंगीत चिठ्ठ्या चिकटवून ती कळेल, यावर माझा तरी विश्वास नाही.

लिन शोस्टॅक यांनी 1984 मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त सेवेचा नकाशा कसा काढायचा ते मांडलं. त्यात एक रेघ आहे: वर गिऱ्हाइकाला दिसणारं काम, खाली न दिसणारं. तुरुंगात या रेघेखाली बरंच काही दडलेलं असतं. भरगच्च बराकी, अपुरे शिपाई, एकाच माणसाकडं तीन वह्या. नवी सोय म्हणून त्याच शिपायाच्या हाती चौथी वही दिली, तर ती सोय महिन्याभरात धूळ खाणार. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

मांडणी बदलून माणसाचं वागणं बदलण्याच्या बाबतीत मात्र आपल्याकडचं उदाहरण 'डिझाइन थिंकिंग'सारख्या साऱ्या शब्दांहून जुनं आहे. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांनी 1939 मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत उभी केली. भिंत नाही, कैद्याला शेत आणि बरोबर बायकापोरं. कोल्हापूरच्याच व्ही. शांताराम यांचा 1957 चा 'दो आँखें बारह हाथ' त्यावरूनच निघाला. चित्रपटात जेलरच्या नजरेचा धाक आहे. मला त्याहून मोलाची वाटते ती वसाहतीची साधी रचना. पळून जाणाऱ्याला आपलं उभं पीक आणि आपली पोरं मागं टाकून जावं लागतं. प्रवचनाने जे होत नाही ते या मांडणीने होतं.

कळंब्याच्या कैद्यांनी वळलेले लाडू काही वर्षं अंबाबाईच्या देवळात प्रसाद म्हणून मिळत. इथं वागणं बदललं ते बाहेरच्यांचं. ज्याच्या हातचं पाणी घ्यायलाही एरवी कुणी कचरलं असतं, त्याच्या हातचा लाडू लोक डोळ्यांना लावून घरी नेत होते. सुटून आलेल्याला गावात काम मिळावं म्हणून दिलेल्या भाषणांपेक्षा मी या लाडवाला जास्त गुण देईन.

येरवड्याच्या कारागृहात 2022 च्या महाराष्ट्र दिनी राज्य सहकारी बँकेने 'जिव्हाळा' कर्ज सुरू केलं: पन्नास हजारांपर्यंत, सात टक्क्यांनी, जामीनदाराशिवाय, फेड कैद्याच्या मजुरीतून. कमावता माणूस आत गेला की घर आधी पैशाने तुटतं आणि मग मनाने, हे कुणीतरी नीट पाहिलं असणार.

तरी एक गोष्ट उरतेच. देशातल्या तुरुंगांत सुमारे तीन चतुर्थांश लोक कच्चे कैदी आहेत. गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे. त्यांच्या आईला मुलाखतीच्या बाकड्याहून तारीख लवकर हवी आहे. बाकडं सुधारणं सोपं, म्हणून आधी तेच सुधारलं जातं. या भागात मोठा बदल झाला तो कुठल्या कार्यशाळेतून आला नाही. वकील आणि नागरिकांनी वर्षानुवर्षं आंदोलन केलं, आणि ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडं आले. उच्च न्यायालयातल्या जामीन अर्जासाठी आता मुलाखतीला येणाऱ्या त्या बाईला महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्र काढून मुंबई गाठावी लागणार नाही. कळंब्यातली भेट आणि वकिलाची गाठ एका खाड्यात उरकता येईल.