रूपांतर आणि मतांतर

सोयीप्रमाणे पक्ष बदलणाऱ्याला मराठीत ‘दलबदलू’ किंवा ‘सरडा’ म्हणून हिणवले जाते, तर ‘बहुरूपी’, म्हणजे नाना सोंगे घेऊन उपजीविका करणारा लोककलावंत, याचे बदलणे समाज कौतुकाने पाहतो, कारण त्याचे सोंग सर्वांना ठाऊक असते. देवाच्या रूपांबाबतही तसेच आहे: वाडी रत्नागिरीच्या डोंगरावरील जोतिबा हा देव केदारनाथ म्हणूनही पुजला जातो, त्याला ब्रह्मा, विष्णू, महेश आणि जमदग्नी यांचा एकत्रित अवतार मानतात आणि नवरात्रात त्याची पूजा निरनिराळ्या रूपांत बांधली जाते. तरीही कोणी त्याला चंचल म्हणत नाही. अर्थात, निंदा होते ती निष्ठा, म्हणजे दिलेल्या शब्दाशी असलेली बांधिलकी, स्वार्थासाठी मोडण्याची. म्हणून विचारान्ती मत बदलणाऱ्याला दलबदलू ठरवणे अन्यायाचे आहे.