हप्ता कुणाचा?

टाळेबंदीत, एप्रिल 2020 मध्ये, पंतप्रधान किसान सन्मान निधीचा दोन हजारांचा हप्ता शेतकऱ्यांच्या खात्यांत जमा झाला. मदत तशी नवी नव्हती. वर्षाला सहा हजार देणारी ही योजना 2019 पासूनची. गरीब कल्याण पॅकेजमुळे हप्ता लवकर आला, एवढेच.

बार्शीजवळ आमच्या खालूंची तीन एकर जमीन आहे. सातबारा त्यांच्या नावावर, पण ते पुण्यात रिक्षा चालवतात. जमीन कसतो वाटेकरी, निम्म्या वाट्याने. बी-खत निम्मे, ज्वारी निम्मी. हप्ता मात्र पूर्ण खालूंना, कारण योजनेत जमीनधारकच शेतकरी.

वाटेकरी मला म्हणाला, "सर, शेतकऱ्याला पैसे आले म्हणतात. मग मी कोण?"

मी खालूंना फोन लावला. ते म्हणाले, "बेटा, रिक्षा महिनाभर उभी आहे. घरभाडं तू भरतोस का?"

मी गप्प झालो. माझा पगार चालू होता. दुसऱ्याच्या दोन हजारांची वाटणी सुचवणे मला सोपे होते. तरी प्रश्न सुटत नाही. उश्र पिकावर असतो. बहुतेक उलेमांच्या मते वाटेकरीही आपल्या हिश्श्याचा उश्र देतो. देताना दोघे शेतकरी, तर घेताना एकच कसा? खालूंची अडचण खरी होती, पण तिने वाटेकऱ्याचा हक्क संपतो असे मला वाटत नाही.

रमजानमध्ये खालूंनी पाचशे रुपये पाठवले. वाटेकऱ्याने विचारले, "हे जकातीचे की हिश्श्याचे?"

मी खालूंना अजून विचारलेले नाही.