निसर्गचित्रातील प्रकाश आणि शेताचा हिशेब

ज्या भूमीवर माणसे राबतात तिचे केवळ प्रकाशदर्शन घडवणे, हा त्या माणसांवर अन्याय ठरतो काय? आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांची निसर्गचित्रे पाहताना हा प्रश्न टाळता येत नाही. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून कोल्हापूरला परतलेल्या या चित्रकाराने कोटितीर्थाचा परिसर पुनःपुन्हा रंगवला. माध्यम जलरंगाचे असो वा तैलरंगाचे, तेथे वस्तूपेक्षा तिच्यावरचा प्रहर महत्त्वाचा ठरतो. दृक्‌प्रत्ययवादाशी असलेले त्यांचे नाते येथेच आहे. मोनेनेही १८९०-९१ मध्ये धान्याच्या गंजी, कोकणात ज्यांना आपण उडव्या म्हणतो त्या, वेगवेगळ्या उजेडात रंगवल्या.

मर्ढेकरांच्या लयतत्त्वाला अनुसरणारा समीक्षक म्हणेल की, रंगसंवेदनांचे परस्परसंबंध जुळले की चित्राचे काम झाले. उडवी कोणाची, हा प्रश्न कलाबाह्य आहे. हे उत्तर सहजासहजी फेटाळता येत नाही. परंतु अलिबागच्या खारेपाटात राहणाऱ्याला ते पुरेसेही वाटत नाही.

चरी परिसरातील कुळांनी खोतांविरुद्ध १९३३ ते १९३९ या काळात संप केला. नारायण नागू पाटील त्याचे नेते होते. सहा वर्षे शेतात नांगर फिरला नाही; माणसे लाकूडफाटा विकून आणि खाडीच्या मासळीवर दिवस काढीत होती. त्या पडीक खाचरांवरही श्रावणातले ऊन पडलेच असेल. भाताच्या जागी माजलेले गवत डोळ्यांना हिरवेच दिसले असेल. त्या हिरव्याने कुळाच्या घरातील उपासाची साक्ष दिली नसती. मग तो रंग खोटा होता काय?

माझ्या मते, नाही. दृक्‌प्रत्ययवादी चित्रकार ‘हे असेच असते’ असे म्हणत नाही. ‘या क्षणी हे असे दिसले’ एवढेच म्हणतो. म्हणूनच त्याला त्याच जागी पुन्हा जावे लागते. एकच गंज अनेकदा रंगवणे, ही कोणतेही एक दर्शन अंतिम नसल्याची कबुलीच होय. असत्य शिरते ते पुढे, आस्वादकाच्या मनात. तो त्या एका क्षणाला ‘आपले शांत, सनातन खेडे’ असे नाव देतो आणि चित्रकाराने उघडा ठेवलेला काळ बंद करून टाकतो.

एक भेद मात्र उरतोच. चित्रकार आपली घडी मिटून त्या जागेवरून उठू शकतो, कूळ उठू शकत नाही. चित्राने हा भेद चितारलाच पाहिजे, अशी सक्ती करता येणार नाही. परंतु समीक्षेने तो विसरला, तर तिला प्रकाशाविषयी बोलण्याचा अधिकार उरत नाही.