महारोग: व्याधी आणि बहिष्कार

सुश्रुतसंहितेने दुश्चिकित्स्य असे आठ ‘महागद’ सांगितले आहेत. त्यांत कुष्ठाबरोबर प्रमेह आहे, मूळव्याध आहे, मुतखडाही आहे. मराठीने मात्र ‘महारोग’ ही संज्ञा एकट्या कुष्ठालाच बहाल केली. प्रमेही माणसाला गावाबाहेर घातल्याचे ऐकिवात नाही. महारोग्याला घातले गेले. ‘हात झडोत’ हा शाप देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोणते चित्र असते, हे वेगळे सांगावयास नको. वस्तुतः या रोगाने बोटे झडत नाहीत. मज्जातंतू बधिर होतात, चटका जाणवत नाही, आणि दुर्लक्षित राहिलेल्या जखमा हाताचा घास घेतात.

हान्सेनने १८७३ मध्ये जंतू शोधला, तेव्हा पूर्वजन्मीच्या पापाची उपपत्ती निकाली निघावयास हवी होती. १८९८ च्या कायद्याने ‘निर्धन’ कुष्ठरोग्यास पकडून वेगळे ठेवण्याची तरतूद केली. जंतू गरीब-श्रीमंत पाहत नाही. कायदा पाहत होता. बहुविध औषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये केली. त्या उपचाराने रोगी बरा होतो आणि संसर्गाचे भय तर उपचार सुरू होताच ओसरते. तरीही हा कायदा रद्द व्हावयास २०१६ साल उजाडले, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण विवाहविषयक कायद्यांतून २०१९ मध्ये वगळले गेले. ओडिशात पालिका-सदस्यत्वाच्या आड येणारी अशीच तरतूद २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली. विधिमंडळाने तिचा फेरविचार करावा, असेही मात्र सुचवले.

औषध नव्हते तोवर विलगीकरणाच्या बाजूने निदान एक युक्तिवाद होता: इतरांच्या जीविताचे रक्षण. तो कोसळल्यावरही भिंत उभी राहिली, याचा अर्थ ती त्या युक्तिवादावर कधी उभीच नव्हती.

करुणेने या भिंतीपुढे पुष्कळ केले. गांधीजींनी परचुरे शास्त्रींना सेवाग्रामात आपल्या कुटीजवळ जागा दिली, त्यांची शुश्रूषा स्वतः केली. वरोऱ्याजवळ आनंदवनात बाबा आमट्यांनी रोग्यांच्या हाती भीक न देता शेती आणि उद्योग दिले. या कार्याचे मोठेपण निर्विवाद आहे. परंतु त्याचा एक लाभ समाजाने गुपचूप पदरात पाडून घेतला: माणसाला पाठवण्यास एक पवित्र ठिकाण मिळाले, आणि घरी परत घेण्याची जबाबदारी टळली. आश्रयासाठी कृतज्ञ असावे लागते. स्वतःच्या ओसरीवर बसण्यासाठी कोणाचे आभार मानावे लागू नयेत. दया आणि हक्क यांतील अंतर येथे आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘कुष्ठरोगमुक्त’ असा वर्ग आहे. सवलतीसाठी तो आवश्यकच. पण जो रोग गेला, त्याचेच नाव माणसाला पुन्हा अर्जावर लिहावे लागते. आणि वसाहतीत जन्मलेली, रोगाचा स्पर्शही न झालेली नातवंडे तर त्या व्याख्येतही बसत नाहीत. शाळेत पत्ता सांगताना ती अडखळतात.